घर बघायला निघालात तर वाटेतल्या शाळेत पण डोकावून या

पाडवा जवळ आला की आपल्याकडे दोन गोष्टी सोबतच सुरू होतात, घर बदलायची अन् शाळा बदलायची. या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं याच विषयावरची आहेत म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, नाराज होऊ नका. नवीन वाचकांसाठी सांगते, मी जिल्हा परिषदेच्या शाळांवर ३१ वर्षं शिकवलं, पहिली सात वर्षं सातपुड्याच्या पायथ्याला अन् बाकी सगळी गिरणेच्या काठाला, त्यामुळे सरकारी शाळा आतून कशी चालते अन् कुठे अडते हे मी रोज बघितलंय.

प्रश्न : ताई नमस्कार. मिस्टरांना जळगावच्या एमआयडीसीत काम लागलं, जूनच्या आत चाळीसगावहून शिफ्ट व्हायचंय. मुलगी पहिलीला जाईल, मुलगा चौथीत. आमच्या बजेटमध्ये दोन घरं आहेत, एक शहरातच जुन्या कॉलनीत दोन खोल्या भाड्याने, बाजूलाच महापालिकेची शाळा, अन् दुसरं शहराबाहेर नवीन रो-हाऊस, कर्ज काढून घ्यावं लागेल, तिथे गावची झेडपीची शाळा आहे. इंग्लिश मीडियमची दोघांची फी आम्हाला झेपणार नाही. सगळे सांगतात सरकारी शाळेत टाकू नको पण का ते कोणीच सांगत नाही. मी दोन्हीकडे बाहेरून बघून आले, एक शाळा रेल्वेच्या डब्यासारखी रंगवलेली आहे, दुसरीचे पोपडे निघालेत. शाळा चांगली आहे का नाही हे ओळखायचं कसं?
– एक आई, चाळीसगाव

उत्तर : रंगापासूनच सुरू करू. डबे रंगवलेल्या शाळेवर मी स्वतः नोकरी केलीये. गावाने वर्गणी काढली, तरण्या पोरांनी दोन रविवार राबून रंग मारला, लेकरं इतकी खूश की शाळा सुटली तरी घरी जाईनात, मला पण फार आवडायचं ते. पण त्या वर्षी माझ्या तिसरीत ११ पोरांना वाचता येत नव्हतं अन् रंग वाळल्यावर पण ती ११ तशीच होती, त्यांच्या वाचनाला पुढचं आख्खं वर्ष लागलं. रंगावरून एवढंच कळतं की कधीतरी निधी आला होता किंवा गावात कोणीतरी मनावर घेतलं होतं. पोपडे निघालेल्या भिंतीच्या आत कोण शिकवतंय ते तुला अजून माहितीच नाही.

म्हणून आत जा. सध्या सकाळची शाळा असते, तर घंटेच्या दहा मिनिटं आधी गेटवर जाऊन उभी राहा, शिक्षक कधी येतात अन् पोरं कशी येतात, पळत येतात का ओढत आणावी लागतात, हे तिथे उभं राहूनच कळतं. आठवडे बाजाराच्या दिवशी जाऊ नको, मोठ्या लग्नतिथीला पण नको, त्या दिवशी खेड्यातली चांगली शाळा पण रिकामी दिसते. अन् २६ जानेवारीला तर सगळ्याच शाळा छान दिसतात. कोणी विचारलं तर खरं ते सांग, इकडे राहायला यायचा विचार आहे, दोन लेकरं टाकायचीयेत, मुख्याध्यापकांना भेटायचंय. पाडव्याला शिक्षक 'गुढीपाडवा, पट वाढवा' म्हणत दारोदार फिरतात, तर आपणहून आलेल्या आईला शहाणा मुख्याध्यापक खुर्ची देईल अन् पाणी विचारेल. जिथे तुला वऱ्हांड्यातूनच परत लावलं ते पण लक्षात ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, बाकी काही जमलं नाही तरी हे एक कर. तिसरीच्या वर्गात बसायची परवानगी माग अन् दुसरीचं मराठीचं पुस्तक मधून उघडून दोन-चार पोरांना वाचायला दे. पहिला-दुसरा धडा नको, तो पाठ असतो. गुरुजी पुढच्या बाकावरचं हुशार लेकरू उभं करतील, ते ऐक, शाबासकी दे, अन् मग मागे भिंतीला टेकून बसलेल्या पोराजवळ जाऊन खाली बस. हे काही मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, 'प्रथम' नावाची संस्था २००५ पासून 'असर' नावाची जी पाहणी करते ती पण अशीच असते, घरी जाऊन लेकराला आधी अक्षरं, मग शब्द, मग छोटा परिच्छेद अन् शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात, गणितात हातच्याची वजाबाकी अन् भागाकार. २०२१ मध्ये आलेल्या 'निपुण भारत' या सरकारी मोहिमेचं ध्येय पण तेच आहे, की तिसरीपर्यंत लेकराला समजून वाचता यावं अन् साधी गणितं यावीत. ५२ मधून २७ गेले किती, एवढं पाटीवर करायला सांग, बस झालं.

समज पाचातल्या दोघांना आलं नाही. तर लगेच शाळा वाईट म्हणून उठून येऊ नको, वर्गशिक्षकाला विचार की याचं काय करताय सर. जो शिक्षक सांगतो की हा जोडाक्षराला अडतो, त्याला मधल्या सुट्टीत वेगळं घेतोय, अन् ही दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली आत्ता परत आली म्हणून मागे आहे, तिला मोठ्या मुलीशेजारी बसवलंय, तो शिक्षक डोळे मिटून चांगला समज, त्याच्या हातात लेकरू दे. अन् जो फक्त म्हणतो की घरचे लक्षच देत नाहीत हो ताई, अन् तिथेच थांबतो, तिथे तू पण थांब अन् विचार कर. घरचे लक्ष देत नाहीत हे बहुतेक वेळा खरंच असतं, कापूस वेचायला गेलेली आई अभ्यास कधी घेणार, पण म्हणूनच तर शाळा आहे ना.

मग शिक्षक मोज. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात पहिली ते पाचवीला ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार असा हिशोब आहे, अन् सहावी ते आठवीला दर ३५ पोरांमागे एक, त्यात गणित-विज्ञान, भाषा अन् समाजशास्त्र शिकवणारा वेगवेगळा पाहिजे. पण विचारताना 'मंजूर किती' असं विचारू नको, 'आज वर्गावर किती' असं विचार, कारण एक बीएलओच्या म्हणजे मतदार यादीच्या कामाला गेलेला असतो, एक आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या मीटिंगला, एक दीर्घ रजेवर अन् राहिलेल्या एकट्या बाई तीन वर्ग एकत्र बसवून घेत असतात. यात शिक्षकांची चूक नसते, मी पण मतदार याद्या घेऊन उन्हात फिरलेय अन् फिरताना वर्गाचाच विचार डोक्यात असायचा, पण तुझ्या लेकराचा दिवस तर गेलाच ना. अजून एक, कोण किती वर्षांपासून इथे आहेत ते विचार. सरकारी शाळेत आपण ज्यांच्यावर भरवसा टाकतो त्या बाईंची दोन वर्षांनी बदली होऊ शकते, त्यामुळे एकाच शिक्षकावर उभी असलेली शाळा अन् तीन-चार जणांनी मिळून चालवलेली शाळा यात दुसरी निवडायची.

संडास बघ. लाजू नको. मुलींचा वेगळा आहे का हा प्रश्न आता जुना झाला, बहुतेक ठिकाणी असतो, पण त्यात पाणी आहे का अन् त्याला कुलूप आहे का अन् किल्ली कोणाकडे आहे हे बघ. चौथी-पाचवीच्या मुलींना हळूच विचार की शाळेत पाणी पिता का. मी एका शाळेवर रुजू झाले तेव्हा मुली सकाळपासून घोटभर पाणी प्यायच्या नाहीत, का तर मग जावं लागेल. आपल्या जळगावचं ऊन, ४४-४५ डिग्री, अन् लेकरू कोरड्या घशाने बसलेलं. ते कळल्यावर मला कित्येक रात्री झोप नव्हती. आधी किल्ली वर्गात खिळ्याला टांगली, मग ग्रामपंचायतीच्या मागे लागून टाकीला नळ घेतला, तेव्हा कुठे मुली बाटल्या आणायला लागल्या.

खिचडीच्या वेळेपर्यंत थांबता आलं तर थांब. वाढायच्या आधी मोठ्या माणसाने चव बघायची असते अन् त्याची वहीत नोंद करायची असते, ती रोज होते का कळेल, अन् शिक्षक पोरांजवळ असतात का ऑफिसात, ते पण दिसेल.

घरी बसून करायचं एक काम आहे. शाळेच्या भिंतीवर ११ आकडी यूडायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख नंबर, लिहिलेला असतो, महाराष्ट्राचा २७ पासून सुरू होतो, जळगाव जिल्ह्याचा २७०३, धुळ्याचा २७०२, नंदुरबारचा २७०१. तो नंबर यूडायस प्लसच्या साइटवर टाकला की वर्गवार पट, शिक्षक, खोल्या, पाण्याची सोय असं सगळं दिसतं. ही माहिती शाळाच भरते त्यामुळे डोळ्यांनी बघितलेलं जास्त खरं धर, पण पट कसा चाललाय ते कळायला चांगली आहे. पहिलीत ३५ अन् चौथीत १२ असं दिसलं तर मधली पोरं कुठे गेली ते शेजारच्या ओट्यावर बसलेल्या बायांना विचार, त्या खरं सांगतात. त्याच बायांना शाळा व्यवस्थापन समितीचं पण विचार. कायद्याने त्यात तीन-चतुर्थांश पालक अन् निम्म्या बाया पाहिजेत. अध्यक्ष कोण, शेवटची मीटिंग कधी झाली, हे जिथे चार पालकांना माहिती असतं तिथे शाळेवर गावाचा डोळा असतो.

आता तुझ्या दोन घरांचं. दोन्ही शाळा कितवीपर्यंत आहेत ते तू लिहिलंच नाहीस, अन् तुझ्यासाठी तोच खरा प्रश्न आहे. मुलगा चौथीत म्हणजे शाळा चौथीपर्यंतच असेल तर पुढच्या जूनला परत हीच धावपळ. पाचवी ते दहावीची अनुदानित शाळा किती लांब आहे, मध्ये हायवे ओलांडावा लागतो का रेल्वे गेट लागतं ते चालत जाऊन बघ, गाडीवर नको, लेकराच्या पावलाने चालत, दप्तर घेऊन. आमच्या हिशोबात चालत पोहोचता येणारी बरी शाळा ही व्हॅनने जायच्या चांगल्या शाळेपेक्षा पुष्कळदा जास्त चांगली निघते, पोरगं दमत नाही, आई कधी पण जाऊन गुरुजींना भेटू शकते, अन् संध्याकाळी खेळायला वर्गातलीच पोरं असतात. माझं मत विचारशील तर पहिलं वर्ष भाड्याने राहा. रो-हाऊस दोन वर्षांनी पण मिळेल, अन् तोपर्यंत त्या गावच्या शाळेत कोण शिकवतंय ते तुला चांगलं कळलेलं असेल. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, ते टेन्शन घेऊ नको, पोराला आधी वर्गात बसव.

प्रश्न : आमच्या एरियातल्या शाळेने गेटवर स्कॉलरशिपला लागलेल्या ९ पोरांचे फोटोवाले बॅनर लावलेत. मला पांझरा नदीच्या पलीकडे घर घ्यायचं होतं पण हे बघून देवपूरमध्येच थांबावं असं वाटतं. बॅनरवर विश्वास ठेवू का?
– एक वडील, धुळे

उत्तर : ९ पोरं लागली ही आनंदाचीच गोष्ट आहे, त्यात शंका नाही. पण ९ कितीपैकी, ते विचारा. वर्गात किती होती, त्यातली परीक्षेला किती बसवली, अन् लागलेल्यांपैकी किती जण बाहेर खासगी क्लासला जात होती. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा चांगली आहे, पोरांना विचार करायला लावते, पण काही शाळा निवडक दहा-बारा पोरं वेगळी काढून त्यांनाच वर्षभर घोटतात अन् बाकीच्या वर्गाला सर मिळतच नाहीत. तुमचं लेकरू त्या दहात असेलच असं धरून घर घेऊ नका. ज्या शाळेने सगळा वर्ग परीक्षेला बसवला अन् तिघंच लागली, तिथे मला जास्त आवडेल.

एक मात्र सांगते कारण हे फार पालकांना माहितीच नसतं. आठवीला एनएमएमएस नावाची केंद्र सरकारच्या स्कॉलरशिपची परीक्षा असते, त्यात लागलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, अन् ती फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या अन् अनुदानित शाळेतल्या मुलांसाठीच आहे, विनाअनुदानित इंग्लिश स्कूलच्या पोराला बसताच येत नाही. तर शाळेत गेलात की विचारा, एनएमएमएसला किती बसवता. सर लगेच आकडा सांगतात का रजिस्टर शोधायला लागतात त्यावरून पुष्कळ कळेल.

प्रश्न : माझी बदली नाशिकहून तळोद्याला झाली, मी बँकेत आहे. क्वार्टरजवळ झेडपीची शाळा आहे, जाऊन बघितली, शिक्षक मला बरे वाटले. पण वर्गातली पोरं आपसात अहिराणी, भिली, पावरी बोलतात. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिची भाषा बिघडेल असं घरचे म्हणतात, त्यामुळे फॅमिली नाशिकलाच ठेवावी का असा विचार चाललाय. काय करू?
– एक वाचक, तळोदा

उत्तर : दादा, फॅमिली घेऊन या. सहा वर्षांच्या लेकराला रोज बाप दिसणं हे कुठल्याही शाळेपेक्षा मोठं आहे.

भाषेचं म्हणाल तर मला थोडं मनापासून सांगू द्या. मी पहिल्या नोकरीवर गेले तेव्हा माझ्या पहिलीतली पोरं पावरी बोलायची अन् मी पुस्तकातली मराठी. मी विचारायचे अन् ती गप्प बसायची. मला वाटलं पोरं मठ्ठ आहेत. दोन महिन्यांनी एका पोराच्या आजीने मला अंगणात बसवून भांड्यांची, जनावरांची, पाण्याची नावं सांगितली, ती मी वहीत लिहून पाठ केली अन् दुसऱ्या दिवशी वर्गात बोलले तर पोरं हसून लोळली, अन् त्या दिवसापासून बोलायला लागली. तेव्हा माझी मला लाज वाटली की दोन महिने मी यांना मठ्ठ समजत होते. म्हणून अशा भागात शाळा बघायला गेलं की मी एकच बघते, शिक्षक पोरांच्या बोलीला कसे वागवतात. 'माले येत नही' म्हणणाऱ्या पोराला दटावून 'मला येत नाही म्हण' असं करणारा शिक्षक त्याचं तोंडच बंद करतो. 'बरं, तुले काय येस ते सांग' म्हणणारा शिक्षक हळूहळू त्याला पुस्तकाच्या मराठीपर्यंत बरोबर आणतो. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण पण पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवा असंच सांगतं. अन् आपल्या खानदेशाला शिक्षक कसा असावा हे नव्याने शिकायची गरज नाही, साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते, वसतिगृहातल्या पोरांसाठी रोज हाताने लिहून दैनिक काढायचे. पोराजवळ जाऊन बसणारा माणूस, एवढंच शोधायचं असतं.

तुमची मुलगी नाशिकची मराठी विसरणार नाही, घरात तुम्ही तीच बोलताय. वर्षभरात अहिराणी बोलेल, मैत्रिणींची भिली तिला कळायला लागेल. हे बिघडणं नाही हो, लेकराच्या डोक्यात तीन भाषा मावतात. फक्त एक तपासा. दिवाळीनंतर तुमच्या भागातली पुष्कळ कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात, तेव्हा वर्ग अर्धा रिकामा होतो. मागे राहिलेल्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय होते का, अन् उरलेल्या वर्गाला शिक्षक रोज शिकवतात का पोरं नाहीत म्हणून सगळंच थंडावतं, हे जानेवारीत कसं होतं ते गावात विचारून घ्या.

प्रश्न : भुसावळमध्ये एका नामांकित इंग्लिश स्कूलपासून ७०० मीटरवर फ्लॅट बघितला. एजंट म्हणतो इथे घेतलं की आरटीईतून फ्री ॲडमिशन पक्कं. खरं आहे का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : पक्कं काहीच नाही. आरटीई म्हणजे वर सांगितलेला शिक्षण हक्क कायदा, त्यातल्या खासगी शाळांच्या २५ टक्के जागांना ऑनलाइन अर्ज असतो अन् मग लॉटरी. १ किलोमीटरच्या आत घर असलं तर आधी विचार होतो एवढंच, पण त्या एका किलोमीटरमध्ये अर्ज करणारे तुम्ही एकटे नसता. शिवाय पात्रता बघा, वंचित प्रवर्गात असाल तर उत्पन्नाची अट नाही, पण खुल्या प्रवर्गातून आर्थिक दुर्बल म्हणून भरत असाल तर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत पाहिजे, अन् ज्याचं उत्पन्न लाखाच्या आत आहे त्याला फ्लॅटचं कर्ज देणार कोण? शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर तिला हे २५ टक्के लागूच नाहीत, ते सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय. अन् नियम पण हलतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने ठरवलं होतं की जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेत आरटीईचा प्रवेश नाही, पालक कोर्टात गेले अन् जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने ते रद्द केलं, पण त्या वर्षी किती आईबाप महिनोन्महिने लटकले ते मी बघितलंय. वीस वर्षांचं कर्ज लॉटरीच्या भरवशावर काढू नका.

अजून एक. ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीला पूर्ण फी, ती भरायची तयारी आहे का ते आजच मांडून बघा. फ्लॅट आवडला असेल तर घ्या, पण ७०० मीटरच्या त्याच टप्प्यात नगरपालिकेची, अनुदानित शाळा कोणती आहे ती पण बघून या, वर चाळीसगावच्या ताईंना सांगितलं तसं वाचून घेऊन. लॉटरीत नंबर नाही लागला तर लेकरू तिथेच जाणार आहे.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा शेतकरी, पारोळ्याकडचा. गावच्या शाळेचा पट १७ वर आला, दोन शिक्षक आहेत. मुलगा-सून नातवाला घेऊन तालुक्याला खोली करायची म्हणतात, नातू दुसरीला जाईल. शेती इथे, घर इथे, अन् पोरगा रोज येऊन-जाऊन करणार. मी अडवू का जाऊ देऊ?
– एक आजोबा

उत्तर : आप्पा, १७ पोरांना दोन शिक्षक म्हणजे आठ-नऊ पोरांना एक. पैसे देऊन पण असा वर्ग कुठे मिळत नाही. पण ते दोघं रोज असतात का यावर सगळं आहे. एक मीटिंगला गेला की दुसऱ्याकडे चार वर्ग येतात, ते सांभाळायची हातोटी असलेला शिक्षक असला तर लहान शाळेतली लेकरं मोठ्यांचं ऐकून ऐकून पुढे जातात, नसला तर दिवसभर नुसती फळ्यावरून उतरवत बसतात. तुमच्याकडे वेळ आहे अन् शाळा घराजवळ आहे, तर एक महिना रोज कोणत्या पण वेळी एक चक्कर मारा. दोघं किती दिवस होते ते कॅलेंडरवर खूण करा. अन् रोज संध्याकाळी नातवाला ओट्यावर घेऊन बसा, 'आज गुरुजीनी काय शिकाडं रे' विचारा, पुस्तकातलं एक पान वाचून घ्या. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल तरी पोरगं अडखळतं का सरळ वाचतं हे कानाला कळतं.

महिन्याचं कॅलेंडर भरलेलं असेल तर ते सुनेपुढे ठेवा, भांडू नका. ती काळजीपोटीच बोलतेय. अन् अर्धे दिवस एकच शिक्षक दिसला तर आधी समितीच्या मीटिंगमध्ये तो विषय काढा, केंद्रप्रमुखांना लेखी द्या, एका महिन्यात फरक पडला नाही तर मग जाऊ द्या त्यांना, अडवू नका. फक्त तालुक्याला खोली बघताना तिथली शाळा पण अशीच आत जाऊन बघायला सांगा, तुम्ही पण सोबत जा, अन् पोराच्या रोजच्या येण्या-जाण्याचा खर्च खोलीच्या भाड्यात धरायला विसरू नका.